विश्लेषण : जपानमध्ये ‘ओबोन’ची सुट्टी सर्वांची, दादरमध्ये गणपतीची रजा ज्याची त्याची, असे का?

जपानच्या सरकारी सुट्ट्यांच्या यादीत ओबोन हा सण नाही. तरीही दरवर्षी १३ ते १६ ऑगस्टच्या सुमारास तिथले मोठे कारखाने थांबतात, कार्यालये ओस पडतात आणि शहरांतले नोकरदार गावाकडे निघतात. महाराष्ट्रात गणेश चतुर्थी सरकारी यादीत आहे. सणासाठी पगारी सुट्टी देण्याची तरतूद कायद्यातही आहे. तरी दादर स्थानकातून कोकणात निघणाऱ्या चाकरमान्याला तिकिटाच्या आधी साहेबाकडून रजा मंजूर करून घ्यावी लागते. एकीकडे कायद्याशिवाय सुट्टी मिळते आणि दुसरीकडे कायदा असूनही ती मागावी लागते. हा फरक कशामुळे पडतो, याचा हा आढावा.

ओबोन म्हणजे नेमके काय?

ओबोन हा पूर्वजांचा सण. या दिवसांत घरातील मृत माणसे काही दिवसांसाठी घरी परततात, अशी श्रद्धा आहे. त्यांना वाट दिसावी म्हणून पहिल्या दिवशी दारात छोटा अग्नी पेटवतात किंवा कंदील लावतात. शेवटच्या दिवशी तसाच अग्नी पेटवून त्यांना निरोप देतात. क्योतो शहराभोवतीच्या डोंगरांवर १६ ऑगस्टच्या रात्री पेटवले जाणारे भव्य अग्नी हा याच निरोपाचा भाग.

अनेक घरांत काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा आणि वांग्याला पाय लावून बैल किंवा गाय करतात. पूर्वजांनी घोड्यावरून लवकर यावे आणि बैलावरून सावकाश परत जावे, ही त्यामागची भावना. कुटुंबे कबरींची साफसफाई करतात, गावोगावी फेर धरून नाच होतो, काही ठिकाणी नदीत दिवे सोडतात.

बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन याने भुकेने तळमळणाऱ्या आपल्या मृत आईची सुटका केली, या बौद्ध कथेशी हा सण जोडलेला आहे. नावाचे मूळ संस्कृत ‘उल्लंबन’ शब्दात असल्याचे परंपरेने मानले जाते, अभ्यासकांत मात्र त्याबद्दल मतभेद आहेत.

आशयाने ओबोन आपल्या पितृपक्षाच्या जवळचा. पण कामाच्या ठिकाणी त्याचा जो परिणाम होतो, तो पाहिला तर त्याचे नाते कोकणातल्या गणपतीशी जुळते. दोन्ही सणांत शहरातला नोकरदार मूळ घरी जातो, बंद घर उघडले जाते, भावकी एकत्र येते आणि ठरलेल्या दिवशी निरोप देऊन सगळे परततात.

तारीख पक्की कशी झाली?

पूर्वी ओबोन चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्यात, पौर्णिमेच्या सुमारास येत असे. जपानने १ जानेवारी १८७३ पासून ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली आणि जुन्या सणांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. टोकियोसारख्या काही भागांनी तो जुलैच्या मध्यावर नेला. देशाच्या बहुतांश भागांनी एक महिना पुढचा, म्हणजे ऑगस्टच्या मध्याचा काळ निवडला. ओकिनावात तो आजही जुन्या पंचांगानुसार होतो.

बहुतेक जपानसाठी तारीख कायमची ठरल्याने कारखान्यांना वर्षभर आधी उत्पादनाचे नियोजन करता येऊ लागले. गणेश चतुर्थीचे तसे नाही. ती २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती आणि २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला आहे. त्यामुळे ‘गणपतीचा आठवडा’ कार्यालयाच्या वेळापत्रकात दरवर्षी नव्याने बसवावा लागतो. अर्थात चतुर्थीची तारीखही पंचांगामुळे फार आधीपासून माहीत असते, त्यामुळे बदलती तारीख ही अडचण असली तरी पुरेशी सबब नाही.

सरकारी सुट्टी नाही, मग कार्यालये बंद कशी?

जपानमध्ये १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय सुट्ट्या ठरतात. आज त्या वर्षाला १६ आहेत. वसंत आणि शरद संपात दिनांना सुट्टी आहे, समुद्रासाठी आणि डोंगरांसाठीही आहे, पण ओबोनला नाही. ऑगस्टमधला ११ तारखेचा ‘पर्वत दिन’ २०१६ पासून आला आणि ओबोनच्या सुट्टीला जोडून घेण्याची सोय झाली. ओबोनच्या दिवसांत बँका आणि सरकारी कचेऱ्या नेहमीप्रमाणे उघड्या असतात.

खासगी कंपन्या बंद राहतात त्या प्रथेने आणि स्वतःच्या नियमावलीने. अनेक कंपन्या वर्षाच्या वेळापत्रकातच ‘उन्हाळी सुट्टी’ नोंदवतात. ग्राहकांना आणि पुरवठादारांना आधीच कळवले जाते, की अमुक ते अमुक तारखेपर्यंत काम बंद, निरोपांना उत्तर त्यानंतर मिळेल. मोठा कारखाना थांबला की त्याला सुटे भाग पुरवणारे छोटे कारखानेही थांबतात. पुण्यात जपानी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांनाही ऑगस्टचा दुसरा आठवडा वगळूनच कामाच्या मुदती ठरवाव्या लागतात.

आणखी एक कायदेशीर मार्ग आहे. कर्मचाऱ्याच्या वार्षिक पगारी रजेपैकी पाच दिवस त्याच्या मर्जीवर सोडून उरलेले दिवस कधी घ्यायचे, हे कंपनी आणि कामगार प्रतिनिधी लेखी कराराने ठरवू शकतात. अनेक ठिकाणी ओबोनची सुट्टी अशा रजेतून दिली जाते.

यामागे जपानी कार्यालयांचा स्वभावही आहे. तिथे एकट्याने रजा घेणे अवघड वाटते, कारण आपले काम सहकाऱ्यांवर पडते. पगारी रजा घेण्याचे प्रमाण तिथे दीर्घकाळ निम्म्याच्या आसपास होते. म्हणून एप्रिल २०१९ पासून किमान १० दिवस रजेचा हक्क असलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला वर्षात निदान पाच दिवस रजा मिळेल, याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली. ओबोनला मात्र हा संकोच आड येत नाही. सगळेच सुट्टीवर असतात, त्यामुळे कोणाला विचारावे लागत नाही आणि कोणाचे उपकारही राहत नाहीत. परतताना गावाकडच्या मिठाईचा खोका सहकाऱ्यांसाठी आणायचा, एवढा शिष्टाचार पाळला जातो. गणपतीनंतर मुंबईच्या कार्यालयांत मालवणी खाजा वाटला जातो, तसेच हे.

या पद्धतीत दोष नाहीत का?

आहेत. सगळे एकाच वेळी निघाल्याने द्रुतगती मार्गांवर लांबच लांब रांगा लागतात आणि विमानांचे, हॉटेलांचे दर चढतात. तोकाइदो मार्गावरच्या ‘नोझोमी’ या बुलेट ट्रेनमध्ये ओबोन, नववर्ष आणि ‘गोल्डन वीक’ या गर्दीच्या काळात २०२३ च्या अखेरपासून फक्त आरक्षित आसने ठेवली जातात.

कंपनी बंद ठेवताना रजा कर्मचाऱ्याच्याच खात्यातून गेली, तर ती भेट ठरत नाही. तासांवर किंवा रोजंदारीवर काम करणाऱ्यांसाठी कारखाना बंद म्हणजे बहुधा कमाईही बंद. रेल्वे, रुग्णालये, दुकाने आणि चोवीस तास चालणारी किराणा केंद्रे यांतल्या कर्मचाऱ्यांना तर ओबोनलाच जास्त काम असते. म्हणजे ‘सगळ्यांची सुट्टी’ तिथेही प्रत्यक्षात सगळ्यांची नाही.

गिरणगावाने सुट्टी कशी मिळवली?

सणाला गावी जाणारा कामगार ही जपानची खासियत नाही. तिथल्या व्यापारी पेढ्यांत ‘याबुइरी’ नावाची जुनी रीत होती. पेढीवर राहणाऱ्या शिकाऊ मुलांना आणि नोकरांना वर्षातून दोनदा, पहिल्या आणि सातव्या महिन्याच्या १६ तारखेला, घरी जाऊ देत. सातव्या महिन्यातली सुट्टी ओबोनला लागूनच असे.

मुंबईत परळ, लालबाग, दादरच्या गिरण्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेला कामगार तसाच गावाशी बांधलेला होता. घर, शेती, देव गावी आणि खोली चाळीत. पण सुट्टी त्याला आपोआप मिळाली नाही. साधी आठवड्याची सुट्टीसुद्धा लढून मिळवावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार आहे, ही बाजूही त्यांनी मांडली. अखेर गिरणी मालकांनी १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य केली.

आज सरकारी वाटणाऱ्या रविवारच्या सुट्टीमागे मुंबईत कामगारांची सामूहिक मागणी होती, हे यातून दिसते. श्रद्धेचा दिवस आणि विश्रांतीचा हक्क त्या मागणीत एकत्र आले होते. सणाला लांब रजेवर जाण्याची पद्धत मात्र ‘बदली’ कामगाराच्या आधाराने चालली. कायम कामगार गावी गेला, की गिरणीच्या दारात उभ्या असलेल्या बदली कामगाराला त्याच्या जागी काम मिळे. एकाच्या रजेत दुसऱ्याचा रोजगार होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ही व्यवस्था मोडत गेली. गिरण्यांच्या जमिनींवर कार्यालये, मॉल आणि उपाहारगृहे आली. आज तिथे काम करणाऱ्यांत सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी, विक्रेते आणि संगणकासमोर बसणारे तरुण आहेत. त्यांच्यातले कित्येक कंत्राटदारामार्फत लागलेले असतात. गिरणीतल्याप्रमाणे सर्वांच्या वतीने सुट्टीची बोलणी करणारी संघटना त्यांच्याकडे बहुधा नसते.

महाराष्ट्रातील कायदा काय देतो?

दुकाने, कार्यालये, हॉटेले यांना २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा लागू आहे. त्यानुसार कर्मचाऱ्याला वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्या मिळतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे चार दिवस ठरलेले आहेत. उरलेले चार दिवस मालक आणि कामगारांनी स्थानिक किंवा पारंपरिक सणांनुसार आपसात ठरवायचे आहेत. तसे ठरले नाही, तर त्या भागातल्या कामगार खात्याच्या अधिकाऱ्याने वर्ष सुरू होण्याआधी ते जाहीर करायचे. या आठपैकी कोणत्याही दिवशी कामावर बोलावले, तर दुप्पट वेतन आणि त्याशिवाय बदली सुट्टी द्यावी लागते.

याखेरीज वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा आहे. ती तिमाहीगणिक जमा होते आणि वर्षअखेर उरली तर बाद होते. वर्षात २४० दिवस काम केलेल्यांना दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा मिळते. ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते.

जपानमध्ये राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशीही कंपनी बंद ठेवलीच पाहिजे, असे खासगी मालकांवर कायद्याचे बंधन नाही. या एका बाबतीत महाराष्ट्राचा कायदा अधिक स्पष्ट आहे.

मग अडते कुठे?

पहिली अडचण दिवसांच्या हिशेबाची. २०२५ चे उदाहरण घेता येईल. चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला होती आणि गौरी-गणपती विसर्जन मंगळवारी, २ सप्टेंबरला. शनिवार-रविवार सुट्टी असलेला दादरचा कर्मचारी सोमवारी रात्री निघाला आणि विसर्जन करून त्याच रात्री परतीच्या गाडीत बसला, असे धरले, तरी २६, २८, २९ ऑगस्ट आणि १, २ सप्टेंबर अशी पाच दिवसांची रजा लागते. शनिवारी काम असेल तर सहा. कंपनीकडून सणाचा एक दिवस मिळतो आणि बाकीचे दिवस कर्मचाऱ्याच्या खात्यातून जातात. आजारपण किंवा घरातले लग्नकार्य आधी झाले असेल, तर खाते रिकामेच असते.

दुसरी अडचण कायद्याच्या कक्षेची. मूळ कायद्यातल्या सुट्ट्या आणि रजेच्या तरतुदी १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होत्या. ही मर्यादा २० करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. दादरच्या बाजारपेठेत पाच-पंधरा माणसांवर चालणारी दुकाने पुष्कळ आहेत. तिथल्या नोकराला सणाची सुट्टी मिळेल की नाही, हे मालकाशी असलेल्या संबंधांवर ठरते. ॲपवरून खाद्यपदार्थ आणि सामान पोहोचवणाऱ्यांना तर रजाच नसते. काम बंद केले, की त्या दिवसाची कमाई बंद.

तिसरी अडचण मागण्याची. चार सण आपसात ठरवण्याची तरतूद असली, तरी अनेक ठिकाणी व्यवस्थापन तयार यादी लावते आणि कर्मचारी ती वाचतात. मग गणपतीसाठी जास्तीचे दिवस हवे असणारा प्रत्येक जण एकेकटा वरिष्ठांकडे जातो. एकाच विभागातल्या चौघांनी अर्ज केले, तर दोघांना ‘पुढच्या वर्षी’ सांगितले जाते. कोकणातला मोठा सण कामाच्या ठिकाणी अशा रीतीने वैयक्तिक अडचण होऊन बसतो.

सरकार प्रवासाची सोय करते, ती पुरेशी आहे का?

प्रवासाच्या बाबतीत गणपती हा सामूहिक प्रश्न आहे, हे सरकारने मान्य केले आहे. २०२५ मध्ये रेल्वेने गणपती विशेष गाड्यांच्या ३८० फेऱ्या जाहीर केल्या. एसटीने सुमारे पाच हजार जादा बसगाड्यांचे नियोजन केले. कोकणात जाणाऱ्या वाहनांना टोलमाफीचे पास दिले गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जाही मिळाला.

तरीही कोकण रेल्वेचा बहुतांश मार्ग एकेरी असल्याने गाड्या वाढवण्याला मर्यादा आहेत. दादरकरांची एक जुनी तक्रार वेगळीच आहे. दादर-रत्नागिरी पॅसेंजर करोनाकाळानंतर दिव्याहून सुटू लागली. ती पुन्हा दादरहून सोडावी, ही कोकणवासीयांची मागणी आहे. दादरहून सुटणारी तुतारी एक्स्प्रेस सावंतवाडीपर्यंत जाते, पण सणाच्या दिवसांतले तिचे आरक्षण हातोहात संपते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. याचा अर्थ, तिकीट हवे असेल तर रजेचा निर्णय त्याहून आधी व्हायला हवा. सणाच्या तोंडावर मिळालेली मंजुरी अनेकदा निरुपयोगी ठरते.

सणालाच ज्यांचे काम वाढते, त्यांचे काय?

गणपतीत दादर बंद राहत नाही, उलट फुगते. मीनाताई ठाकरे फूल मंडईत पहाटेपासून दुर्वा, जास्वंद, केवड्याचा व्यवहार चालतो. मखर, मिठाई, साड्या, पूजासाहित्य यांच्या दुकानांसाठी वर्षातला हा मोठा हंगाम असतो. २०१७ च्या कायद्याने दुकाने वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवता येतात, अट एवढीच की प्रत्येक कामगाराला साप्ताहिक सुट्टी मिळाली पाहिजे. बेस्ट, एसटी, लोकल, पोलीस, पालिकेचे सफाई कामगार यांच्यासाठी विसर्जनाचे दिवस सर्वाधिक दगदगीचे.

या सर्वांना एकाच आठवड्यात सुट्टी देणे शक्य नाही. पण कोणाला यंदा आणि कोणाला पुढच्या वर्षी, हे पाळीने आणि आधी ठरवणे शक्य आहे. सणानंतर सलग बदली सुट्टी देता येते. त्या दिवशी काम केले, तर दुप्पट वेतनाचा हक्क काटेकोरपणे पाळता येतो.

समजुतीने तारीख ठरवता येते का?

येते, आणि मुंबईने ते करून दाखवले आहे. अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २०२३ ते २०२५ अशी सलग तीन वर्षे जवळजवळ आल्या. विसर्जनाच्या गर्दीत ताण नको म्हणून मुस्लीम समाजाच्या प्रतिनिधींनी जुलूस पुढच्या दिवसांवर नेण्याची तयारी दाखवली आणि ईदची शासकीय सुट्टीही त्यानुसार हलवली गेली. २०२५ मध्ये मुंबई शहर आणि उपनगरांत ती ५ ऐवजी ८ सप्टेंबरला देण्यात आली. सुट्टीची तारीख चर्चेने ठरू शकते, हे यातून स्पष्ट होते.

याचा दुसरा अर्थही महत्त्वाचा आहे. एका सणाच्या सामूहिक सुट्टीचा भार दुसऱ्या सणाच्या माणसांवर पडता कामा नये. दादर परिसरातल्या कार्यालयांत कोकणातल्या चाकरमान्याबरोबर छटपूजेला बिहारला जाणारे, ईद, नाताळ, नवरोज साजरे करणारे आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारेही असतात. जपानमध्ये बहुतेकांचा सण एकच असल्याने कुलूप लावणे सोपे आहे. इथे चार दिवसांची निवड सर्वांशी बोलून करावी लागेल.

कर्मचारी आणि कंपन्या काय करू शकतात?

जपानची नक्कल म्हणून आठवडाभर टाळे लावणे मुंबईतल्या बहुतेक आस्थापनांना जमणार नाही. मात्र तिथली एक सवय घेण्यासारखी आहे. सुट्टी वर्षाच्या आरंभी, सर्वांच्या देखत आणि लेखी ठरते. त्यासाठी तीन गोष्टी कायद्याच्या चौकटीतच करता येतात.

एक, पुढील वर्षाची सुट्ट्यांची यादी डिसेंबरमध्ये लागण्याआधी कर्मचाऱ्यांनी एकत्रितपणे चार सणांचा प्रस्ताव द्यावा. कायद्याने तो त्यांचा हक्क आहे. दोन, ज्या विभागात गावी जाणारे अधिक, तिथे गणपतीच्या रजेची पाळी आरक्षण उघडण्याआधी जाहीर व्हावी. यंदा थांबणाऱ्याला पुढच्या वर्षी पहिला मान, हे लिहून ठेवावे. तीन, बाहेरच्या ग्राहकांना त्या आठवड्यात काम संथ राहील, असे महिनाभर आधी कळवावे. जपानी कंपन्या दर ऑगस्टमध्ये हेच करतात आणि जगभरचे त्यांचे ग्राहक ते मान्य करून चालतात.

गणेश चतुर्थी यंदा १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. ६० दिवसांच्या नियमाने त्या आधीच्या शुक्रवारच्या गाडीचे आरक्षण जुलैच्या मध्यापूर्वीच उघडते. कार्यालयातली रजेची बोलणी त्याआधी उरकली नाहीत, तर दादरचा चाकरमानी यंदाही प्रतीक्षा यादीवरच राहील.